सामग्री म्हणून भाषा : एका भिंतीचे व्याकरण

संकल्पनात्मक कलेविषयी लिहिताना 'भाषा हीच या कलेची सामग्री' हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील अडचण दिसेनाशी झाली आहे. सामग्रीला स्वतःचा प्रतिरोध असतो. दगड कोठे फुटेल हे सर्वस्वी शिल्पकाराच्या इच्छेवर नसते. भाषेला सामग्री म्हणायचे तर तिचा प्रतिरोध कोठे जाणवतो, हे दाखवता आले पाहिजे.

जोसेफ कोसुथच्या 'एक आणि तीन खुर्च्या' (१९६५) या कृतीत तो जाणवत नाही. खुर्ची, तिचे छायाचित्र आणि 'खुर्ची' या शब्दाची कोशातील व्याख्या मोठी करून लावलेली, अशी ही मांडणी. तेथे मराठी कोशातील नोंद लावली तरी फारसे बिघडणार नाही. भाषा येथे अभिधेपुरतीच आहे.

लॉरेन्स वीनरचे (१९४२-२०२१) तसे नाही. १९६८ साली व्हरमाँटमधील विंडहॅम कॉलेजच्या मैदानावर त्याने खुंट्या ठोकून सुतळीची जाळी आखली. विद्यार्थ्यांनी ती सुतळी कापून टाकली. रचना मोडली, तिचे वर्णन मात्र शाबूत राहिले. त्याच वर्षी त्याने आपली भूमिका तीन कलमांत मांडली : कृती कलावंत स्वतः घडवू शकेल, ती दुसऱ्याकडून घडवून घेता येईल, किंवा ती घडवण्याची गरजही नाही.

त्याच वर्षाची त्याची एक कृती भिंतीविषयी आहे. गिलाव्याचा ३६ इंच लांब व तितकाच रुंद भाग आतील आधारापर्यंत काढणे, एवढाच तिचा विषय. तिच्या इंग्रजी शब्दयोजनेतील 'रिमूव्हल' हे नाम काढण्याची क्रियाही सांगते आणि काढल्यानंतर उरलेली रिकामी जागाही. घडले आहे की घडायचे आहे, हे ते ठरू देत नाही. माझ्या मते तिसऱ्या कलमातील मोकळीक या संदिग्धतेवरच उभी आहे. तिचे श्रेय वीनरइतकेच इंग्रजी व्याकरणालाही जाते.

मराठीत ही जागा अडते. 'खोदकाम' या शब्दात क्रिया आणि फलित दोन्ही नांदतात खरे, पण 'काढणे'ला तशी सोय नाही. 'काढणे' एवढेच लिहावे, तर 'अर्ज मुदतीत सादर करणे' या कार्यालयीन सूचनेचा स्वर लागतो आणि मोकळीक संपते. 'खळगा' म्हणावे, तर तो भिंतीत आधीच असावा लागतो. 'काढलेला भाग' म्हटले की लक्ष भिंतीवरून जमिनीवर पडलेल्या तुकड्याकडे वळते.

मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम ध्वनी नसून अर्थ, तोही भावनात्मक अर्थ, असे मानले. त्या वादात आपली सौंदर्यचर्चा बरीच गुंतली. ध्वनी आणि अर्थ यांच्यामधले व्याकरण मात्र दुर्लक्षितच राहिले. वीनरच्या कृतीत भावना जवळजवळ नाही, नादाचेही अगत्य नाही. प्रतिरोध आहे तो लिंग, काळ आणि कर्ता या ठिकाणी. तेव्हा तिचे भाषांतर हे संगमरवरी शिल्प काशात ओतण्यासारखे मानावे लागेल.

'गिलावा काढलेली भिंत' ही रचना मला त्यातल्या त्यात बरी वाटते. भिंत केंद्रस्थानी राहते, कर्ता दृष्टीआड होतो. मात्र ही भिंत स्त्रीलिंगी आहे, तिचा गिलावा निघून गेलेला आहे आणि तो न काढण्याची मुभा आता कोणालाही उरलेली नाही.