‘विनासायास’ या शब्दाविषयी

गेल्या काही वर्षांत ज्या पुस्तकाने अनेक मराठी घरांतील जेवणाच्या वेळा बदलून टाकल्या, त्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पुस्तकाच्या नावाचा आरंभ ‘विनासायास वेटलॉस’ या शब्दांनी होतो. ग्रंथकर्ते वैद्यकाचे अध्यापक आहेत. मूळ कल्पनेचे श्रेय ते कै. डॉ. श्रीकांत जिचकार (निधन २००४) यांस मोकळेपणाने देतात आणि आपली मोहीम विनामूल्य चालवितात. अशा निःस्पृह लेखनाचा परामर्श आदरानेच घेतला पाहिजे. तथापि ‘विनासायास’ या एका शब्दाशी आमचा वाद आहे.

उपदेश थोडक्यात असा : खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपावे, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. प्रत्येक खाण्यासरशी इन्शुलिन स्रवते, ते वारंवार स्रवू नये, ही त्यामागील उपपत्ती. याच्या नेमके उलट, ऋजुता दिवेकर यांनी ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ या २००९ सालच्या इंग्रजी पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा पक्ष मांडला. व्याधी एक, औषधे परस्परविरुद्ध, आणि गुण आल्याची साक्ष दोन्ही पक्षांचे अनुयायी देतात! आम्हांस याचा उलगडा असा वाटतो की, दोन्ही मार्गांत येताजाता तोंड चालविणे बंद पडते व मनुष्य आपल्या खाण्याकडे प्रथमच लक्ष देऊ लागतो. म्हणजे खरा भार वेळापत्रकावर नसून मनावर व सवयीवर आहे.

आणि सवय विनासायास जडत नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात बजावले होते की, नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील एका अभ्यासात ९६ माणसांच्या सवयी पाहण्यात आल्या. सवय अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा हिशेब निघाला. मात्र एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही तेथे आढळले. येथे जेम्ससाहेबांपेक्षा हा अभ्यास आम्हांस अधिक दयाळू व अधिक उपयोगी वाटतो.

कारण आपल्याकडे पथ्य हे व्रतासारखे पाळले जाते. व्रतास संकल्प असतो, कडकपणा असतो आणि उद्यापनही असते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. गणपतीत अवेळी एक मोदक पोटात गेला की व्रत मोडले, आणि मोडले ते मोडलेच, अशा समजुतीने मनुष्य त्याच दिवशी सर्व बंधने सोडून देतो. त्यात शीर्षकाने ‘आयास नाही’ असे सांगितलेले असल्यामुळे, आयास पडले की दोष तो स्वतःच्या दुबळेपणास देतो. नेरूळच्या तलावाकाठी पहाटे फेऱ्या घालणाऱ्यांत अशी खंत बोलून दाखविणारे आम्हांस अनेकदा भेटले आहेत.

दुसरा प्रश्न घराचा. नवी मुंबईतून मुंबईस लोकलने नोकरीसाठी जाणारा गृहस्थ रात्री नऊला परततो, मुलांस सायंकाळी भूक लागते, आजोबांस गोळीपूर्वी काही खावे लागते. एकट्याच्या दोन जेवणांसाठी चुलीपुढे उभे कोणी राहावयाचे? अशा घरांत आयास नाहीसा होत नाही. तो गृहिणीकडे जातो. शिवाय इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवणे कमी करणे धोक्याचे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावयास हवे.

इतके म्हणूनही पुस्तक संग्राह्य आहे, हे आमचे मत कायम आहे; सतत काहीतरी खात राहणाऱ्या आमच्या वर्गास त्याने विचार करावयास लावले, ही लहान कामगिरी नव्हे. पुढील आवृत्तीत ग्रंथकर्त्यांनी चुकलेल्या दिवसाविषयी विस्ताराने लिहावे, एवढीच सूचना. पाळलेल्या दिवसाचा उपदेश सर्वच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आरंभ कसा करावा, हे वाचकास कोणीतरी सांगावयास हवे.