आरोपीचे निवेदन आणि पुराव्याचा अधिकार : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे एक वाचन

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हापासून मध्यमवर्गीय दांभिकतेचे आणि समूहात दडलेल्या हिंस्रतेचे दर्शन घडविणारी कलाकृती म्हणून त्याची चर्चा होत आली आहे. ही चर्चा अयोग्य नाही. मात्र तीत न्यायालय हे केवळ रूपक ठरते. वस्तुतः आरोपपत्र, साक्ष, युक्तिवाद, आरोपीचे निवेदन आणि निकाल या क्रमानेच नाटकाची घडण झालेली आहे. न्यायदानाच्या व्यवस्थेत स्त्री ज्या तीन नात्यांनी येते, म्हणजे आरोपी, पीडित आणि व्यावसायिक, त्या तिन्हींचा विचार या घडणीच्या आधारे करता येतो.

प्रथम आरोपाचा विचार करावा. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि त्यासाठी भारतीय दंडविधानाच्या ३०२ व्या, म्हणजे खुनाच्या कलमाचा आधार घेतला जातो. याच दंडविधानाच्या २९९ व्या कलमाचे तिसरे स्पष्टीकरण मात्र सांगते की मातेच्या उदरातील अर्भकाचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे. गर्भपातासाठी ३१२ वे स्वतंत्र कलम होते. शिवाय बेणारेने गर्भपात केलेलाच नाही. तिला ते मूल हवे आहे. तरीही शेवटी तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा! हा विरोधाभास केवळ नाट्यमय कलाटणी म्हणून वाचला तर त्याचा अर्थ निसटतो. या न्यायालयाला चिंता गर्भाच्या जिवाची नसून त्याच्या पितृत्वाच्या नोंदीची आहे, हे येथे उघड होते.

या आरोपाला मराठी वैचारिक साहित्यात पूर्वपरंपरा आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिभ्रष्टतेवर जे लेखन झाले, त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. ताराबाईंच्या युक्तिवादाचे स्वरूप वकिली आहे. आरोपी निर्दोष आहे असे त्या सांगत बसत नाहीत. आरोपीच्या शेजारी जो उभा असायला हवा तो कोठे आहे, असे विचारतात. तेंडुलकरांच्या नाटकात प्रा. दामले यांची अनुपस्थिती हाच प्रश्न दृश्यरूपाने मांडते. दामले साक्षीदार म्हणून पुकारले जातात, आरोपी म्हणून नव्हे.

आरोपी आणि पीडित या कायद्याने वेगळ्या मानलेल्या संज्ञा बेणारेच्या ठिकाणी एकमेकींत मिसळून जातात. कोवळ्या वयात मामाशी आलेल्या संबंधाची हकीकत तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून सादर होते. नाटक लिहिले गेले त्या काळी सोळा वर्षांखालील मुलीची संमती बलात्काराच्या कायद्यात गैरलागू होती. याचा अर्थ असा की जो तिच्याविरुद्ध घडलेला गुन्हा ठरावयाचा, तोच तिच्या विरोधातील साक्ष बनतो. ही किमया केवळ अभिरूप न्यायालयाची नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नसणे हे तिच्या विरोधात गेले. फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य चर्चेस घेण्याची मुभा देणारी पुरावा कायद्यातील तरतूद तर २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होती.

व्यावसायिक स्त्रीला या न्यायालयात जागा नाही. सुखात्मे फिर्यादी पक्षाचे आणि बचाव पक्षाचेही वकील आहेत. न्यायाधीश काशीकर स्वतः साक्ष देतात. सर्व अधिकारपदे पुरुषांकडे राहतात. सौ. काशीकर मात्र बेणारेला ओढून पिंजऱ्यात उभी करतात. व्यवस्थेने स्त्रीला देऊ केलेली सेवा ती एवढीच. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली, तरी स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आली. तथापि केवळ संख्येने प्रश्न सुटतो असे मानणे भाबडेपणाचे होईल, सौ. काशीकरांचे पात्र त्याबद्दल पुरेसा इशारा देते.

नाटकाचा मर्मबिंदू पुराव्याच्या प्रश्नात आहे. सामंत एका कादंबरीतील मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तो ग्राह्य ठरतो. आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. त्यानंतरचे तिचे दीर्घ स्वगत केवळ प्रेक्षकांच्या कानी पडते. न्यायालय गोठलेले असते. त्याच्या निकालात या स्वगताचा मागमूसही नाही. कल्पित ग्रंथाला पुराव्याचा दर्जा आणि जगलेल्या अनुभवाला मौनाचा, अशी ही उतरंड आहे. म्हणून हे स्वगत केवळ भावनोद्रेक मानणारी समीक्षा नकळत काशीकरांच्याच बाजूला बसते. तिने ते वाक्‌सौंदर्य म्हणून ऐकले, साक्ष म्हणून नव्हे.

देसाईगंजच्या निकालानंतर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची परिणती १९८३ च्या दुरुस्तीत झाली. कोठडीतील बलात्कारासारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात आले आणि ते २०२३ च्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. मर्यादित क्षेत्रात का होईना, स्त्रीच्या शब्दाला पुराव्याचे बळ मिळाले. बेणारेला नाकारले गेले ते नेमके हेच होते. तिने दयेची मागणी केलेली नाही. दया सुखात्म्यांनी, तिचा गुन्हा आधीच मान्य करून, मागितली आहे. दया आणि श्रवण यांतील हा भेद लक्षात घेतल्याशिवाय या नाटकाचे, आणि ज्या व्यवस्थेकडे ते बोट दाखविते तिचेही, मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.