'वगैरे'चा कप्पा

लिनक्सच्या पोटात एक कप्पा आहे. नाव 'ईटीसी', म्हणजे एटसेट्रा, म्हणजे शुद्ध मराठीत 'वगैरे'. आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला हे नाव वाचूनच धडकी भरते. जमाखर्चात 'किरकोळ' नावाचं खातं दिसलं की ऑडिटर आधी तेच उघडतो!

स्कॅनर, प्रिंटर वगैरे मंडळींनी यंत्राला जोडल्यावर कसं वागावं, याचे नियम फायलींत लिहिलेले असतात. काही पॅकेजबरोबर आयते येतात, काही वापरणारा आपल्या सोयीने लिहितो. पूर्वी दोन्ही या 'वगैरे'त गुण्यागोविंदाने, म्हणजे कुणाचं काय ते कळू न देता, नांदत.

समजा, भोरच्या एखाद्या कारकुनाने प्रिंटरसाठी एक ओळ बदलली. पुढे नवी आवृत्ती आली की डेबियन विचारतं, 'तुमची फाइल ठेवू की आमची?' प्रश्न लोकशाहीचा आहे. फक्त तो विचारला जातो, तेव्हा ओळ लिहिणाऱ्याची बदली वेल्ह्याला झालेली असते.

यूडेव्हचा तोडगा मला पटतो. पॅकेजचे नियम 'यूएसआर-लिब'मध्ये, तुमचे 'ईटीसी'मध्ये. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर तुमची चालते. हेड ऑफिसच्या सर्क्युलरची फाइल वेगळी, शाखेच्या टिपणांची वेगळी. नवं सर्क्युलर आलं तरी आपली टिपणं शाबूत! २०१५ सालच्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीतही 'ईटीसी' आहे ती त्या-त्या यंत्रापुरत्या मांडणीसाठीच.

पण यातही एक मेख आहे. एका ओळीसाठी अख्खी फाइल त्याच नावाने नकलून घेतली, की पॅकेजवाल्यांनी पुढे केलेल्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. यंत्र अवाक्षर काढत नाही. जुन्या सर्क्युलरची नक्कल काचेखाली ठेवून दहा वर्षं व्याज काढणारे महाभाग असतात ना, तसंच. म्हणून आपली ओळ तेवढी वेगळ्या नावाच्या फायलीत लिहावी. नावाच्या आधी आकडा घालावा, कारण फायली वाचल्या जातात त्या नावाच्या क्रमाने, कप्प्याच्या नव्हे.

वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायचं मंत्रिमंडळाने २०२४ साली ठरवलं. कागदावर राजगड, तोंडात वेल्हे. दोन्ही आपापल्या कप्प्यात सुखी आहेत, आणि कुणी कुणाचं पुसलेलं नाही. यंत्राकडून याहून जास्त काय मागावं?