जगद्दलाचा जीर्णोद्धार

ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ हा बंगाली चित्रपट 1958 साली निघाला. सुबोध घोष यांच्या त्याच नावाच्या कथेवर तो रचलेला आहे. अजांत्रिक म्हणजे आपल्या भाषेत अयांत्रिक. यंत्रावर जीव लावणाऱ्या माणसाची कथा म्हणून त्याची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, व ती यथार्थही आहे. परंतु ज्याच्या पडवीत वडिलांची मोटार वर्षानुवर्षे धूळ खात उभी आहे आणि ज्याच्या हाती पैसा बेताचा आहे, अशा माणसास या चित्रपटात आणखीही काही दिसते. प्रस्तुत लेखक अशांपैकीच एक असल्यामुळे वडशासारख्या आडगावाहून त्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

कथानक थोडक्यात असे. छोटा नागपूरच्या पठारावर बिमल नावाचा एकाकी चालक एक मोडकळीस आलेली शेव्हरोलेट भाड्याने चालवून पोट भरतो. आई वारली त्याच वर्षी ही गाडी त्याच्याकडे आली; तिला तो जगद्दल म्हणतो. लोक हसतात, पण तो तिच्याशी बोलतो, आणि तीही त्यास उत्तर देते असे आपणांस वाटू लागते. रेडिएटरमध्ये पाणी ओतताच तहानलेल्या जनावराने घटाघटा प्यावे तसा आवाज दिग्दर्शकाने योजला आहे, तो विसरता येत नाही. काली बॅनर्जी यांचा अभिनयही तितकाच सच्चा आहे. पुढे गाडी थकते. बिमल जवळची सारी पुंजी तिच्यावर ओततो. तरीही ती चढावर दगा देते. मग संतापाच्या भरात तो तिच्यात धोंडे भरून तिचे बळ अजमावतो, आणि अखेरीस ती भंगारात जाते.

या शेवटास नियती म्हणून सोडून देणे मला पटत नाही. आमच्या मते जगद्दल केवळ वार्धक्याने मेली नाही. बिमलची दुरुस्ती आरंभी प्रेमाची होती. लोकांच्या हसण्याने ती मानाची झाली. गाडी पूर्वीप्रमाणे चालावी एवढीच अपेक्षा ठेवण्याऐवजी तिने नव्या गाडीसारखे बळ दाखवावे, असा हट्ट तो धरून बसला. धोंडे भरण्याचा प्रसंग म्हणजे त्या हट्टाचेच दृश्य रूप होय. वारशाने आलेल्या वस्तूचा जीर्णोद्धार करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आमच्या घरची गाडी प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सी. सी.चे इंजिन, सुकाणूच्या खांबालाच गिअरचा दांडा. कुर्ल्यास बनणारी ही मोटार एके काळी मध्यमवर्गीय कुटुंबाची प्रतिष्ठा होती. मुंबईत टॅक्सी म्हणून तिने 30 ऑक्टोबर 2023 रोजी निरोप घेतला, तेव्हा वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. आमचे धाकटे बंधू मात्र व्यवहारी. “दादा, धानाचे पैसे पत्र्यात घालू नका, भंगारवाल्याला बोलवा,” असे त्यांचे म्हणणे पडले. बहिणीस वाटे की गाडीस चकचकीत रंग द्यावा आणि अंगणात ठेवावी. मी दोघांचेही ऐकले नाही, याचे कारण बरेचसे हा चित्रपट.

थोडक्या पैशात काम करावयाचे तर क्रम चुकता कामा नये. प्रथम ब्रेक, उभ्या गाडीच्या चाकांतील ब्रेकचे सिलिंडर गंजून धरतात व रबरी नळ्या चिरतात. मग टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकी व कार्ब्युरेटर धुणे, कारण शिळ्या पेट्रोलचा चिकट थर बारीक छिद्रे बुजवितो. मग रेडिएटर, आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग. रंग सर्वांत शेवटी, तोही पैसे उरले तर. आमचे पैसे उरले नाहीत. वडिलांच्या हाताने झिजलेला दरवाजाचा मुठा जसाच्या तसा राहिला, तो त्यामुळेच. पैसा मुबलक असता तर आम्ही तोही बदलला असता!

या ठिकाणी एका कायद्याची आठवण होते. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. जुन्या वाहनांस मान मिळाला हे चांगलेच झाले. पण अशी नोंदणी झालेले वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे सन्मान मिळाला आणि काम गेले. जगद्दलीस असा सन्मान मिळता, तर बिमलने तो खचित नाकारला असता.

वडशाच्या माणसास हे सहज कळावे. दिवाळीनंतर येथून झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. दंडारीशी नाते सांगणारी ही कला रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांपुढे दर हंगामी नवी नाटके घेऊन उभी राहते, म्हणूनच टिकली आहे. तिचे वय कोणी विचारीत नाही. आज प्रयोग कोठे आहे, हे विचारतात.

चित्रपटात दोषही आहेत. उराँव लोकांची नृत्ये व निशाणे कथेशी पुरती सांधली गेलेली नाहीत. वनप्रदेशात राहणाऱ्या आम्हांस ती पाहुण्याच्या डोळ्यांनी टिपलेली वाटतात. उलट, वेड्या बुलाकीचे उपकथानक फार मार्मिक आहे. जुन्या भांड्यास जिवापाड जपणारा हा वेडा नवे भांडे मिळताच जुने विसरतो. त्याच्या शेजारी बिमलला उभे करून घटकांनी आपणांस विचारले आहे की यांपैकी शहाणा कोण. उत्तर त्यांनी दिलेले नाही. शेवटी एक मूल जगद्दलीचा भोंगा वाजविते आणि बिमल हसतो, एवढेच.

गेल्या महिन्यात बंधू स्वतः गाडीत बसले. वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीपर्यंत आम्ही हळूहळू गेलो. चार माणसे बसविली नाहीत, दोघेच होतो. परतताना ते म्हणाले, “दादा, आता बाबा असते तर रंगाबद्दल बोलले असते.” मी म्हणालो, पुढच्या धानावर पाहू.