वॉरंटीचे रसग्रहण

मराठी समीक्षकांवर माझा एक जुना राग आहे. एखाद्या कवीने बावीस पानांचा संग्रह काढला आणि त्यातली निम्मी पाने कोरी सोडली, तरी त्या कोऱ्या पानांवर चाळीस पानी लेख येतो. चर्चासत्र होते, चहा होतो, भांडण होते. पण ज्या पुस्तकाला माणूस स्वतःच्या खिशातले 16,800 रुपये मोजतो, त्याच्यावर आजवर कुणी अवाक्षर लिहिलेले नाही. मी म्हणतोय ते पुस्तक म्हणजे नव्या मोटारीबरोबर विकली जाणारी एक्स्टेंडेड वॉरंटीची पुस्तिका. पाने 24, मुखपृष्ठ गुळगुळीत, लेखक अज्ञात. म्हणजे पानामागे 700 रुपये पडले. एवढा भाव आपल्याकडे ज्ञानपीठवाल्यांच्या पुस्तकालाही नाही.

तेव्हा म्हटले, हे काम आपणच करावे. पुस्तिका मी दोनदा वाचली. ती विकणाऱ्या शोरूममधल्या तरुणाने एकदाही वाचलेली नव्हती, हे माझ्या तिसऱ्या प्रश्नालाच कळले. "सर, सगळं कव्हर होतं," एवढेच तो म्हणत राहिला. न वाचता पुस्तकाची शिफारस करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, म्हणून मी फार ताणले नाही.

प्रथम विषय पाहू. गाडीबरोबर येणारी मूळ वॉरंटी ठरावीक वर्षांची किंवा ठरावीक किलोमीटरची असते, जे आधी संपेल ते. त्यापुढची दोन-तीन वर्षे विकत घेतली की ती एक्स्टेंडेड. म्हणजे गाडी सहसा बिघडत नाही तो काळ फुकट, आणि जेव्हा कुरकुरू लागते तो काळ रोख. यात कंपनीला नावे ठेवायचे कारण नाही. छत्रीवालाही मे महिन्यात मवाळ असतो आणि जूनमध्ये ताठ होतो. वर 18 टक्के जीएसटी असतो. मिळकतीवर कर ऐकला होता, विक्रीवर ऐकला होता. काळजीवरचा कर मी प्रथमच भरला.

शैलीच्या दृष्टीने पुस्तकाचे दोन भाग पडतात. पहिल्या पानावर कर्णाचे औदार्य आहे. इंजिन घ्या, गिअरबॉक्स घ्या, स्टिअरिंग घ्या, एसीचा कॉम्प्रेसर घ्या! दुसऱ्या पानापासून वामनाची पावले पडू लागतात. क्लच प्लेट नाही. ब्रेक पॅड नाहीत. टायर, बॅटरी, वायपर, बल्ब नाहीत. उंदराने वायर कुरतडली तर नाही. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलात तर नाही. पावसाळ्यात दुसरे रस्ते कुठून आणायचे, यावर लेखकाने मौन पाळले आहे.

पण समीक्षकाने न्याय सोडू नये. या यादीवर आमच्या सोसायटीत जो तो चिडतो, मी चिडत नाही. झीज वेगळी आणि दोष वेगळा. ब्रेक पॅड हा झिजण्यासाठीच जन्मलेला असतो. तो झिजतो म्हणून आपण वेळेवर थांबतो. पेन्सिल संपली म्हणून कुणी कारखान्याकडे दाद मागत नाही. उलट हल्लीच्या गाडीतली विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगची मोटर किंवा गाडीचा मेंदू म्हणवणारा ईसीयू गेला, तर त्या एका वस्तूचे बिल साऱ्या पुस्तिकेच्या किमतीपेक्षा मोठे येऊ शकते. तेवढ्यापुरता हा ग्रंथ संग्राह्य आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

माझा आक्षेप आहे तो कथानकाला. कथानकात कार्यकारणभाव हवा, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आता आमच्या मेहुण्यांचेच पाहा. मेहुणे हौशी. हेडलाइटचा मूळ बल्ब 60/55 वॉटचा; त्यांनी नाना पेठेतून 100/90 वॉटचे आणून स्वतः बसवले. एवढा प्रवाह मूळ वायरीतून नेला तर ती तापून वितळते, म्हणून मध्ये रिले लागतो, तोही बसवला. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, हा मुद्दा मी मांडून पाहिला. पण बायकोच्या भावासमोर मुद्दे एका मर्यादेपर्यंतच मांडता येतात. सहा महिन्यांनी मागच्या डाव्या दाराची काच खाली गेली ती वर येईना. सर्व्हिस सेंटरने गाडी पाहिली, बॉनेट उघडले आणि निकाल दिला: "वायरिंगमध्ये फेरफार. क्लेम नामंजूर."

आता बोला! बल्ब पुढे, काच मागे. नाक टोचले म्हणून शेपटीचे औषध बंद. कादंबरीकाराने असे केले असते तर आपण त्याला सोडले असते का?

हा प्रश्न केवळ मेहुण्यांचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू न देणे. त्याच आदेशात म्हटले होते की, गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जेवढे बिघडले तेवढ्यापुरतीच नाकारा. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. अमेरिकेत 1975 सालीच एक कायदा झाला, की अमुकच कंपनीचा सुटा भाग वापरला पाहिजे अशी अट वॉरंटीला सहसा घालता येणार नाही. थोडक्यात, कार्यकारणभावाचा आग्रह धरणारा समीक्षक मी एकटा नाही. फक्त दंड करण्याचे अधिकार मला नाहीत.

मेहुण्यांच्या पक्षालाही दोन शब्द ऐकवतो, म्हणजे घरात समतोल राहील. गाडी माझी म्हणून मी वाटेल ते करीन, असे नसते. काचांवरच्या काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली उतरवायला लावल्या. पुढच्या बुलबारला 2017 च्या अखेरीस केंद्र सरकारने हरकत घेतली. धडकेत ते स्वतः शाबूत राहतात आणि पायी चालणाऱ्याला व आतल्या माणसाला जड जातात. गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. रस्ता सगळ्यांचा आहे, इथे माझे काही म्हणणे नाही.

म्हणणे आहे ते बॉनेटच्या आतल्या प्रदेशाबद्दल. आमच्या लहानपणी, फियाटचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले त्या सुमाराला, रविवारी सकाळी सोसायटीतली निम्मी बापमंडळी बॉनेटमध्ये डोके घालून असत. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, त्याची फट जुळवायची, कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धुवायचा. रेडिएटर गळू लागला तर त्यात हळद. पेट्रोलच्या टाकीला चीर पडली तर अंगाचा साबण. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यात फारसा भेद नव्हता, आणि त्यावरून आयांचे जे म्हणणे असे ते इथे छापण्यासारखे नाही. वॉरंटी असेलही, पण ती कुणी वाचल्याचे स्मरत नाही. त्या गाड्या चांगल्या होत्या, असे मी म्हणणार नाही. चढावर त्या उकळत आणि पावसात रुसत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली तेव्हा अनेकांनी डोळे पुसले. त्यांतले बरेच जण त्या टॅक्सीत बसणे टाळत असत. पण एक होते. गाडी का थांबली, हे मालकाला कळत असे.

आजच्या गाडीचे ओनर्स मॅन्युअल उघडा. चांगला पोथीएवढा ग्रंथ आणि ध्रुवपद एकच: 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.' मालकाने करण्यासारखे अजून बरेच असते. टायरमधली हवा, वायपरची रबरे, बॅटरीच्या टोकांवर पेट्रोलियम जेली, इंजिन गार असताना कूलंटची पातळी, एअर फिल्टर झटकणे. यांतल्या कशानेही वॉरंटी विटाळत नाही. पण हात लावायची भीती अशी बसली आहे की, आमचे एक स्नेही वायपर बदलायलाही टोकन घेऊन बसतात. मग बिलावर इंजिनाचे डिकार्बनायझेशन आणि आतल्या गाद्यांचे सौंदर्यवर्धन येते. मॅन्युअलमध्ये देखभालीचे एक कोष्टक असते. त्यात नसलेली बाब बिलात दिसली की मी बोट ठेवून विचारतो, "हे कशाला?" दर वेळी समोरचा नम्रपणे म्हणतो, "ऑप्शनल आहे, सर." आणि खोडतो. माझ्या समीक्षेचा एवढा तत्काळ परिणाम मराठी साहित्यात कधी झालेला नाही.

आता निष्कर्ष. दोन-तीन वर्षांत गाडी विकणार असाल, तर हा ग्रंथ घेऊ नये. सात-आठ वर्षे ठेवणार असाल आणि गाडीत बटणांची रेलचेल असेल, तर घ्यावा. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीचा घ्यावा, दुकानदाराने स्वतः छापलेला नव्हे. मूळ वॉरंटी चालू असताना तो सहसा नंतरही घेता येतो, म्हणून शोरूममध्ये पेढ्यांच्या घाईत सही करू नये. आणि वाचन शेवटच्या पानापासून सुरू करावे.

मी घेतला आहे. पण त्याच्या किमतीत एक रक्कम छापलेली नाही. नाना पेठेजवळ आमचा एक उस्ताद आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो गाडीचे दुखणे सांगतो, आणि आजवर बहुतेक बरोबरच सांगत आला आहे. माझ्या गाडीला त्याने पाच वर्षे हात लावायचा नाही, असे माझ्या सहीने ठरले आहे. परवा तो भेटला. गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून. "संपली की आणा," म्हणाला. तोवर गॅरेज चालू असेल ना, असे मी विचारले, तेव्हा तो नुसता हसला. त्याच्याकडे लिहून देण्यासारखी पुस्तिका नव्हती.