गांडुळाची साक्ष : मृत्तिकाप्रदूषणाच्या एका निकषाचे परीक्षण

जमिनीचे दूषण ओळखण्याकरिता गांडुळाचा निदर्शक म्हणून उपयोग करावा, हे मत आता प्रबंधांतून बहुधा गृहीतच धरले जाते. त्याला आधार नाही असे नव्हे. गांडूळ माती गिळते, ओलसर त्वचेवाटे श्वसन करते आणि फार दूर जात नाही. म्हणून मातीतील विषाशी त्याचा संबंध निकटचा असतो. गांडुळांचे भूमिनिर्मितीतील कार्य डार्विन यांनी १८८१ साली विशद केले. एल्म वृक्षांवर फवारलेले डी. डी. टी. गळलेल्या पानांतून गांडुळांत व त्यांच्यातून रॉबिन पक्ष्यांत कसे पोहोचते, हे रेचल कार्सन यांनी १९६२ साली जगापुढे मांडले. प्रश्न एवढाच, की हा निकष दापोलीच्या मातीस जसाच्या तसा लावता येईल काय ?

प्रथम प्रमाणित कसोटी पाहू. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ साली घालून दिलेल्या पद्धतीत ‘आयसेनिया फेटिडा’ ही जाती घेतात. माती कृत्रिम असते : दहा टक्के पीट, वीस टक्के केओलिन व सुमारे सत्तर टक्के वाळू, सामू सहाच्या आसपास, तापमान वीस अंश सेल्सिअस. चौदा दिवसांत किती गांडुळे मरतात, ते मोजावयाचे. रसायनांची परस्पर तुलना करण्यास ही पद्धती उत्तम होय. परंतु आयसेनिया शेणखताच्या ढिगात वाढणारी जाती. कोकणच्या खनिज मातीत ती स्वभावतः वसत नाही. शिवाय जांभ्याची माती आम्ल, लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी संपृक्त. आम्लतेने तांब्याची विद्राव्यता वाढते, तर ऑक्साइडे व सेंद्रिय द्रव्य त्यास धरून ठेवतात. या ओढाताणीचा निर्णय कृत्रिम मातीवरून करता येणार नाही.

तांब्याचा प्रश्न येथे केवळ पुस्तकी नाही. कोळेरोगावर पोफळींना मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारण्याची रीत कोकणात रूढ आहे, आणि तांबे मातीतून सहजासहजी नाहीसे होत नाही. अशा वेळी अभ्यासक गांडुळाच्या शरीरातील तांबे मोजू पाहतो. येथे दुसरी अडचण उद्भवते. तांबे व जस्त ही गांडुळास आवश्यक द्रव्ये असल्यामुळे त्यांचे शरीरातील प्रमाण ते बऱ्याच अंशी नियंत्रित ठेवते; कॅडमियम मात्र साठत जाते. म्हणून एका धातूविषयी जी साक्ष ग्राह्य, ती दुसऱ्याविषयी ग्राह्य असेलच असे नाही. त्यातच आतड्यातील माती रिकामी न करता विश्लेषण केले, तर आपण गांडूळ मोजले की माती, हेही सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप ऋतूचा. दापोलीस वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात. पुढे जमीन वाळते आणि अनेक गांडुळे खोल जातात अथवा निश्चेष्ट होऊन राहतात. फेब्रुवारीत खणलेल्या खड्ड्यात गांडूळ आढळले नाही, तर तो विषाचा पुरावा नव्हे. तसेच मुरूड-आंजर्ल्याच्या आगरांतील वालुकामय माती व वरच्या सड्यावरील तांबडी माती यांची तुलना करून दूषणाचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल.

हे सर्व काटेकोरपणे सांगण्यास कारण आहे. शेजारच्या खेड तालुक्यात लोटे परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा परिसरातील जमिनीविषयी उद्या चौकशी झाली, तर ‘गांडुळे जिवंत आहेत’ एवढ्यावर जमीन निर्दोष ठरविणे शेतकऱ्यावर अन्याय करील. आणि ‘गांडुळे नाहीत’ एवढ्यावर केलेला आरोप उलटतपासणीत टिकणार नाही.

मग निकष टाकून द्यावा काय ? तसे नव्हे, तो सुधारून घ्यावा. स्थानिक जाती प्रथम नीट ओळखाव्यात. एकाच प्रकारच्या मातीतील फवारणीची व बिनफवारणीची बाग अशा जोड्या घेऊन पावसाळ्यात, ठरावीक आकाराच्या खड्ड्यांतून मोजणी करावी. मरणाऐवजी प्रजननाकडे लक्ष द्यावे. २००४ च्या कसोटीत प्रौढ गांडुळे अठ्ठावीस दिवसांनी काढून आणखी अठ्ठावीस दिवसांनी पिले मोजतात, ते याच हेतूने. कारण ज्या मात्रेने गांडूळ मरत नाही, तीच त्याची संतती खुंटवू शकते. या सर्वांबरोबर मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब व धातूंचे रासायनिक विश्लेषण असलेच पाहिजे. इतके झाल्यावर गांडुळाची साक्ष रसायनशाळेच्या साक्षीस पूरक ठरेल; तिची जागा मात्र ती घेऊ शकणार नाही.