खजिना कुणाचा? अमानत कुणाची?

रोबेर आंरिको यांचा ‘ले आव्हाँत्युरिए’ हा फ्रेंच चित्रपट १९६७ सालचा. जोसे जोव्हानी यांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. वरवर पाहता ही साहसकथा. परंतु आम्हांला ती मैत्रीची आणि अमानतीची कथा वाटते.

पॅरिसच्या विजयकमानीखालून विमान नेण्याच्या नादात वैमानिक मानू (आलँ देलों) आपला परवाना गमावतो. मोटारीचे नवे इंजिन घडविणारा रोलां (लिनो वेंतुरा) अपयशी ठरतो. भंगार लोखंडातून शिल्पे करणाऱ्या लेतिसियाच्या (जोआना शिमकुस) प्रदर्शनाची समीक्षक वाट लावतात. हरलेली ही तीन माणसे काँगोच्या किनाऱ्यावर येतात. समुद्रात कोसळलेल्या एका विमानात मोठी दौलत आहे, असे त्यांनी ऐकलेले असते.

दौलत सापडते, पण तिच्यामागे लागलेल्यांच्या गोळीला लेतिसिया बळी पडते. पाणबुड्याच्या पोशाखातच तिचे शव समुद्राच्या स्वाधीन केले जाते. हे दृश्य आम्ही विसरू शकत नाही. दोघे मित्र तिचा हिस्सा हडप करीत नाहीत. तिचे नातलग शोधून काढतात आणि तो हिस्सा एका लहान मुलासाठी राखतात. मयताचा हक्क वारसापर्यंत पोचविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र येथेच आमचा आक्षेप आहे. ही दौलत काँगोतून पळालेल्या गोऱ्या वसाहतवाल्याची. १८८५ ते १९०८ पर्यंत काँगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खाजगी मिळकत होती. रबरासाठी तेथील माणसे भरडली गेली. पुढे १९६० पर्यंत तेथे बेल्जियमची सत्ता राहिली. मग त्या दौलतीचा खरा वारस कोण? सापडलेल्या वस्तूचा वर्षभर पुकारा करून मालक शोधावा, अशी आपल्या शरीअतची शिकवण. येथे असा पुकारा कोणी करीत नाही. ज्यांच्या भूमीतून ती दौलत निघाली, त्या काळ्या माणसांना चित्रपटात आवाजच नाही. आफ्रिका म्हणजे केवळ निळे पाणी आणि ऊन.

फ्रान्सवा द रुबे यांचे संगीत आणि समुद्रातील बोयार किल्ल्यावरचा करुण शेवट मनाला चटका लावतो, हे आम्ही मान्य करतो. चित्रपट जरूर पाहावा. पण मित्राची अमानत जपणारी माणसे एका अख्ख्या मुलखाची अमानत कशी विसरतात, हा सवाल मनात ठेवूनच तो पाहावा.